मदत हवी आहे: नागपूरहून पुण्याला सामान न्यायचंय, खात्रीचे पॅकर्स-मूव्हर्स सुचवा

नमस्कार मंडळी, महिनाअखेरीस मानेवाड्याचं घर रिकामं करायचंय. मागच्या वर्षी बहिणीचं सामान नेताना फोनवर १८ हजार ठरले, अन् ट्रक भरल्यावर ३१ हजार मागितले. पैसे मिळेपर्यंत सामान उतरवलंच नाही; लेकरं चार रात्री चटईवर झोपली. यावेळी आईचं सागवानी कपाट आहे, आरशाचं. फार जीव लागलाय त्यात.

एकाने घर न बघताच भाव सांगितला, वर ॲडव्हान्स स्वतःच्या खात्यावर मागितला. त्याला नाही म्हटलं. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासतेय, बिल्टी (माल पाठवल्याची वाहतूकदाराची पावती) अन् सामानाची यादी सहीशिक्क्यानिशी घेणार आहे.

नागपूरच्या वाडी भागातला कोणी ट्रान्सपोर्टवाला तुम्ही स्वतः अनुभवलाय का? आणि फुटतुटीचा विमा प्रत्यक्षात कोणाला मिळालाय का?