तरतूद आणि पैसा यांतलं अंतर
वर एकांनी विचारलंय, "बजेटात रस्त्याला तरतूद झाली, मग काम का दिसत नाही?" मी सांगलीत सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत आयुष्य काढलं, म्हणून थोडी भर.

तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, रोकड नव्हे. कधी कधी नव्या कामापुढे फक्त हजार रुपये लिहिलेले असतात, लेखाशीर्ष (म्हणजे त्या खर्चाचं खातं) उघडं राहावं म्हणून! पुढचे पैसे आलेच तर पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्येच सभागृहाकडून घेतलेल्या जादा मंजुरीतून. शिवाय प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे सगळं ओलांडायचं आणि मग 'बीडीएस'वर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी पडायची वाट बघायची. तो नेमका मार्चात पडतो. 31 मार्चच्या रात्री आमच्याकडे चहाच्या किटल्या फिरायच्या, ठेकेदार जिन्यात बसलेले, आणि सर्व्हर बंद! एकदा एका सहीपायी बिल परत आलं आणि निधी व्यपगत झाला, म्हणजे वर्ष संपलं म्हणून न वापरताच गेला. ते काम वर्षभर मागे पडलं, शिव्या मात्र आम्ही खाल्ल्या.

केंद्राने 2017 पासून बजेट फेब्रुवारीअखेरऐवजी 1 फेब्रुवारीला आणलं ते बरंच झालं. आधी लेखानुदानावर (पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंतच्या तात्पुरत्या मंजुरीवर) भागवायचं आणि पूर्ण मंजुरीला मे उजाडायचा. तोवर आपल्याकडे वळवाचे ढग दिसायला लागतात. आता बहुतेक वर्षी 1 एप्रिलला मंजुरी हातात असते.

बजेटच्या दिवशी टीव्हीवर जो आकडा झळकतो तो अंदाज. पुढच्या वर्षीच्या कागदात त्याच ओळीत 'सुधारित अंदाज' छापतात, तो काढून बघा. तिथे बहुतेकदा कात्री दिसते.