मेंदूतला कचरा काढायचं मानेचं ऑपरेशन: करावं का? मदत हवी आहे

आमचे अण्णा, वय ७४, निवृत्त तलाठी. दीडेक वर्षापासून विसरणं वाढलंय. डॉक्टरांनी पाच मिनिटांत "अल्झायमरची सुरुवात असावी" म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

आता मामेभावाने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवलाय. मानेतल्या लसीकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी आणि कचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) शिरेला जोडल्या की मेंदूतला मैला वाहून जातो म्हणे. चीनमध्ये करतात. धाकटा भाऊ खर्चाचा हिशोबही मांडून बसलाय.

मी थोडं वाचलं. २०१२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आत झिरपतं आणि बीटा अमायलॉइडसारखी (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) घाण धुऊन नेतं. हीच ग्लिम्फॅटिक यंत्रणा. २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्याही सापडल्या, त्या मानेतल्या लसीकाग्रंथींकडे उतरतात. म्हणजे व्हिडिओत निव्वळ थापा नाहीत, आणि घोळ तिथेच आहे.

झोपेत ही धुलाई वाढते असंही वाचलं. अण्णांच्या झोपेचं तर खोबरं झालंय. रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, मोरीपर्यंत पोचायच्या आत लेंगा ओला. चालणंही इतकं मंदावलंय की उंबरठ्यापाशी पाय फरशीला डकवल्यासारखे थांबतात. "अण्णा, डावा उचला" म्हटलं की उचलतात. प्रोस्टेट आणि गुडघे, असं आम्ही धरून चाललोय.

तर ऑपरेशनचा विचार करावा का? निदान झोपेची गोळी सुरू करू का?

प्रतिसाद १
गोळी मनाने देऊ नका हो! रात्री उठून पडले, खुबा मोडला, तर काय कराल? शिवाय २०२५ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने ही धुलाई उलट मंदावलेली दिसली. आणि झोपेत धुलाई वाढते हेही सर्वमान्य नाही. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांत नेमकं उलटं आढळलं.

प्रतिसाद २
ताई, त्या ऑपरेशनचा नाद सोडा. पुरेसा पुरावा नाही म्हणून २०२५ मध्ये खुद्द चीनच्या आरोग्य खात्याने अल्झायमरसाठी ते करायला बंदी घातली.

मला तुमचा चालण्या-लघवीबद्दलचा परिच्छेद जास्त महत्त्वाचा वाटतो. डकवलेले पाय, लघवी न थांबणं आणि विसरणं, ही तिन्ही एकत्र आली की नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस आहे का ते बघावंच लागतं. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि शोषलं जातं. या आजारात ते साचून आतल्या पोकळ्या फुगतात. नॉर्वेतल्या ऑस्लोमधल्या तपासण्यांत अशा रुग्णांच्या या पाण्यात तपासणीसाठी सोडलेलं द्रव्य मेंदूतून बाहेर पडायला जास्त वेळ लागलेला दिसला, म्हणजे तुमचा कचऱ्याचा धागा इथेही आहेच.

मेंदूचा एमआरआय झाला असेल तर त्याचा रिपोर्ट पुन्हा दाखवा आणि टॅप टेस्टबद्दल विचारा. कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि आधी-नंतरचं चालणं मोजतात. फरक पडला तर शंट, म्हणजे साचलेलं पाणी मेंदूतून बाहेर वळवणारी नळी, बसवायचा विचार होतो. चालणं बरंच सुधारू शकतं, स्मरणशक्तीबद्दल मात्र फार आशा धरू नका. प्रोस्टेटही तपासून घ्याच, दोन्ही असू शकतं.

धागाकर्ती
रिपोर्ट कपाटातून काढला. "व्हेंट्रिकल्स प्रॉमिनंट, वयानुसार" असं लिहिलंय, म्हणजे मेंदूतल्या त्या पोकळ्या ठळक दिसतायत. आम्ही फक्त "वयानुसार" तेवढंच वाचलं होतं. दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टची शुक्रवारची वेळ मिळालीय. त्यांना दाखवायला आज अण्णांचं चालणं मोबाइलवर घेतलं. मागे वळायला अकरा पावलं लागली.