मदत हवी आहे: लिलावातल्या जुन्या वस्तू आणि दागिन्यांची वर्णनं कशी लिहावीत?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या लिलावाच्या कॅटलॉगमधल्या नोंदी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. सगळ्या वस्तू एकाच घरातल्या आहेत. दागिने, चांदीसारखी दिसणारी भांडी, एक पांढरी कोरीव डबी, दोन-तीन चित्रं. लिहिण्याची मला सवय आहे, पण हे लिखाण वेगळं आहे. माझ्या एका विशेषणावर भरवसा ठेवून कुणीतरी वस्तू हातात न घेता बोली लावणार. मी जास्त लिहिलं तर घेणारा फसतो, आणि हात आखडता घेतला तर विकणाऱ्या घराचं नुकसान होतं. दोघांवरही अन्याय होऊ नये, एवढंच मला हवं आहे.

घरच्यांनी प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी दिली आहे. एका ब्रोचच्या चिठ्ठीवर मजकूर आहे: "व्हिक्टोरियन, अस्सल सोनं, माणिक आणि हिरे, पणजीच्या लग्नातला." त्यावरून त्यांनी सुचवलेली नोंद अशी:

"सुंदर व दुर्मीळ व्हिक्टोरियन ब्रोच, १८ कॅरेट सोने, माणिक व हिरेजडित, उत्तम स्थितीत."

मला ती खटकते आहे. कारण माझ्या टेबलावर जे आहे ते असं: अंडाकृती ब्रोच, लांबी ३२ मिमी. मध्ये एक लाल खडा, भोवती बारा बारीक पांढरे खडे. मागची पिन बाकीच्या पाठीपेक्षा जास्त पिवळी आहे आणि तिच्या बिजागरीपाशी राखाडी धातूचा ओघळ दिसतो. ७५० हा आकडा आहे, पण तो फक्त पिनेवर. बाकी कुठेही शिक्का नाही.

आता माझे प्रश्न. चिठ्ठीतलं किती उचलायचं? काळ कसा लिहायचा? खडे कोंदणातून न काढता त्यांचं वजन देता येतं का? दोष किती खोलात सांगायचे? पांढरी डबी हस्तिदंताची आहे असं घरचे म्हणतात, तर तसं लिहू का? आणि चित्रावर सही आहे म्हणून ते त्या चित्रकाराचंच, असं म्हणता येईल का?

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. मी बरीच वर्षं दागिन्यांच्या नोंदी लिहितो, त्यामुळे ब्रोचपासूनच सुरुवात करतो.

आधी कागदावर तीन रकाने करा: डोळ्यांनी दिसलं ते, तपासून कळलं ते, कुणीतरी सांगितलं ते. नोंदीतला प्रत्येक शब्द कोणत्या रकान्यातून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. घरच्यांच्या त्या एका ओळीत तिन्ही रकाने एकमेकांत मिसळले आहेत, आणि खरा घोळ तिथेच आहे.

पिनेवरचा ७५० फक्त पिनेबद्दल बोलतो. त्याचा अर्थ हजारात ७५० भाग सोनं, म्हणजे १८ कॅरेट. पण पिनेचा रंग वेगळा आहे आणि बिजागरीपाशी राखाडी ओघळ आहे. तो बहुधा शिशा-कथलाचा डाक, म्हणजे दोन तुकडे सांधायला वितळवून लावलेला धातू, असावा. चांगला सोनार सोन्याच्या दागिन्याला सोन्याचाच डाक लावतो. म्हणजे पिन मागाहून बसवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. साखळीच्या फाशावरचा शिक्का असाच फसवतो, कारण सगळ्यात आधी झिजतो आणि बदलला जातो तो फासाच. तेव्हा ब्रोचच्या मूळ अंगाचा कस क्ष-किरण यंत्रावर वेगळा बघून घ्या. त्यातही हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर आकडा दिशाभूल करतो, म्हणून एकाऐवजी दोन-तीन जागी आणि झिजलेल्या कडेवर वाचन घ्या.

आता तो लाल खडा. तपासल्याशिवाय "माणिक" लिहू नका, "लाल खडा" लिहा. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागातला प्रसिद्ध "ब्लॅक प्रिन्स रुबी" हा माणिक नसून स्पिनेल, म्हणजे माणकासारखं दिसणारं वेगळं रत्न, आहे. राजघराण्याच्या खजिन्यात जर शतकानुशतकं स्पिनेल माणिक म्हणून नांदलं, तर घरातल्या चिठ्ठीला दोष देण्यात अर्थ नाही. दहापट भिंगाखाली खड्याच्या आत वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात का ते बघा. दिसले तर तो ज्योतीत वितळवून बनवलेला कृत्रिम माणिक आहे. ही पद्धत फ्रेंच रसायनतज्ज्ञ ओग्युस्त व्हर्नोई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. व्हिक्टोरिया राणी वारली १९०१ मध्ये. म्हणजे मग एक तर ब्रोच व्हिक्टोरियन नाही, नाही तर खडा बदललेला आहे. त्यासाठी खडा धरणाऱ्या नख्या तपासा. कानशीचे ओरखडे, नवी टोकं, एखादी नखी बाकीच्यांपेक्षा जाड, यांतलं काही दिसलं तर कोंदण उघडलं गेलं आहे.

पांढऱ्या खड्यांत पैलूंची तऱ्हा बघा. सपाट तळ आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू असतील तर तो गुलाब-पैलू. उशीसारखा चौकोनी-गोलसर घाट, उंच माथा आणि तळाचं टोक कापलेलं, त्यामुळे वरून बघताना मधोमध बारीक वर्तुळ दिसत असेल, तर जुना खाण-पैलू. आजच्या गोल ब्रिलियंट पैलूची प्रमाणं मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने मांडली, तेव्हा तसे खडे निघाले तर काळाचा विचार पुन्हा करावा लागेल. उष्णता मोजणाऱ्या हिरा-पेनवर एकट्याने विसंबू नका, त्यावर मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडाही हिरा म्हणून पास होतो.

वजन देता येतं, पण "अंदाजे" हा शब्द आणि पद्धत दोन्ही लिहा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. गोल ब्रिलियंट हिऱ्यासाठी व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, मापं मिलिमीटरमध्ये. साधारण ६.५ मिमी व्यासाचा, नीट प्रमाणात कापलेला हिरा एक कॅरेटच्या आसपास येतो. जुन्या पैलूंना हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही, आणि कोंदण मागून बंद असेल तर उंचीच मोजता येत नाही. अशा वेळी वजन देऊ नका, नुसती मापं द्या. घेणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रतिसाद २

"सुंदर" काढा, फोटो आहेच. "दुर्मीळ" तेव्हाच ठेवा, जेव्हा कशाच्या तुलनेत दुर्मीळ हे तुम्ही पुढच्याच वाक्यात सांगू शकता.

प्रतिसाद ३

भांड्यांबद्दल. ई. पी. एन. एस. अशी अक्षरं दिसली तर ती चांदी नाही, निकेल-मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा आहे. ब्रिटिश स्टर्लिंग चांदीवर चालता सिंह असतो आणि चांदी हजारात ९२५ भाग. शहराची खूण वेगळी: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर. शेजारचं वर्षाचं अक्षर त्या शहराच्या तक्त्यात बघायचं. एकच अक्षर दर चक्रात परत येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही जुळला पाहिजे.

किटलीचं झाकण वेगळं उचलून बघा. झाकण आणि अंग यांच्या खुणा जुळत नसतील तर "झाकण मूळ जोडीतले नाही" असं स्पष्ट लिहा. आणि मेणबत्तीचे स्तंभ असतील तर ते आतून डांबर किंवा प्लास्टरने भरलेले असू शकतात. तसे असतील तर काट्यावरचं वजन चांदीचं वजन म्हणून देऊ नका. सुऱ्यांच्या मुठींचंही तेच.

प्रतिसाद ४

डबी आणि चित्र.

हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सेल्युलॉइडमध्ये, म्हणजे जुन्या प्लास्टिकमध्ये, रेषा एकसारख्या समांतर असतात, जाळी नसते. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. वस्तू खराब होते आणि सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. जाळी दिसली तर नोंद लिहायच्या आधी आयोजकांना कळवा. आशियाई हत्ती १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्ती १९९० पासून वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये, सर्वांत कडक यादीत गेला. तिथे वस्तूचं वय कागदावर दाखवावं लागतं आणि कित्येक देशांत विक्रीच बंद आहे. कासवाच्या पाठीच्या फण्या आणि डब्यांनाही हीच काळजी.

सहीबद्दल: कॅटलॉगमध्ये एक उतरंड असते. नुसतं नाव लिहिलं तर चित्र त्यांचंच असा दावा होतो. त्याखाली "यांचे मानले जाते", मग "यांच्या कार्यशाळेतले", "यांच्या वर्तुळातले", "यांच्या शैलीत" आणि शेवटी "यांच्या चित्रावरून". सही चित्रकाराच्याच हातची याची खात्री असेल तर "सही केलेले", नसेल तर "सही आढळते". मोठी लिलावघरं शीर्षकातल्या नावाची हमी घेतात, क्रिस्टीजची पाच वर्षांची असते, म्हणून शीर्षकातला प्रत्येक शब्द तिथे पारखून घेतला जातो. दागिन्यांतही हे लागू आहे. नामांकित पेढीचं नाव कोरलेलं असेल, पण फक्त पिनेवर, तर ती पेढी ब्रोचची कर्ती ठरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डबीवर जाळी दिसली, ती बाजूला ठेवून आयोजकांना कळवलं आहे.

एक गोष्ट अजून अडते. दोष लिहिले की बोली पडेल असं घरच्यांचं म्हणणं आहे. "वयाला साजेशी झीज" एवढंच लिहा म्हणतात. त्यांची काळजी मला समजते, ही त्यांच्या माणसांची आठवण आहे. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १

त्यांना सांगा की न लिहिलेला दोष विक्रीनंतर सापडला की पैसे परत मागितले जातात, आणि त्या घराच्या उरलेल्या वस्तूंकडेही लोक संशयाने बघतात. "वयाला साजेशी झीज" वाचून अनुभवी माणूस सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो आणि बोली आवरती घेतो. त्याउलट "एका खड्याच्या कडेला १ मिमीचा टवका, वरून बघता दिसत नाही" असं वाचलं की त्याला कळतं, तपासणाऱ्याने सगळीकडे भिंग फिरवलं आहे. तो मोकळेपणाने बोली लावतो. दोष कुठे, केवढा, आणि दुरुस्ती जुनी की नवी, एवढं लिहा आणि त्या जागेचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून द्या.

पणजीच्या लग्नाची गोष्ट टाकून देऊ नका. ती तिसऱ्या रकान्यातली आहे, पण मोलाची आहे. "घरातल्या माहितीनुसार" असं म्हणून द्या. लग्नातला फोटो असेल तर शोधायला सांगा. फोटोत ब्रोच दिसला तर गोष्टीला आधार मिळतो.

आणि नोंदीचा साचा हवा असेल तर "ऑब्जेक्ट आयडी" हे आंतरराष्ट्रीय मानक बघा. गेटी संस्थेच्या पुढाकाराने ते १९९७ मध्ये आलं. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात हा मूळ हेतू, त्यामुळे फोटो, प्रकार, साहित्य, मापं, खुणा आणि वेगळेपण दाखवणाऱ्या बारीक गोष्टी यांवर त्यात भर आहे. वेगळेपणाच्या रकान्यात झिजलेली कड किंवा जुना डाकही येतो.

धागाकर्ती

ब्रोच तपासून आणला. अंगाचं वाचन तीन जागी हजारात ६२० ते ६३० आलं. लाल खड्यात वाकड्या रेषा आहेत आणि दोन नख्यांची टोकं नवी आहेत. पांढरे खडे हिरे निघाले, सगळे खाण-पैलूचे. लग्नातला फोटोही सापडला! ब्रोच दिसतो, पण मधला खडा ओळखू येईल इतका स्पष्ट नाही. आता नोंद अशी लिहिली आहे:

"अंडाकृती ब्रोच, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची सुरुवात. अंगावर शिक्का नाही. तपासणीत सुमारे १५ कॅरेट सोने. भोवती खाण-पैलूचे बारा हिरे. मध्ये कृत्रिम माणिक, बहुधा नंतर बसवलेला. दोन नख्या दुरुस्त. पिन बदललेली, तिच्यावर ७५० खूण, बिजागरीपाशी मऊ डाकाची दुरुस्ती. लांबी ३२ मिमी. घरातल्या माहितीनुसार पणजीच्या लग्नातला. लग्नाचा फोटो सोबत, त्यात ब्रोच दिसतो."

घरच्यांना वाचून दाखवली. फोटोचा उल्लेख ऐकून ते खूश झाले आणि पिनेबद्दलचं वाक्य त्यांनी मान्य केलं. काही राहिलं आहे का?

प्रतिसाद १

चांगली उतरली आहे. ६२५ म्हणजे १५ कॅरेट, आणि हा कस ब्रिटनमध्ये १८५४ ते १९३२ या काळातच अधिकृत होता. शिक्का नसल्यामुळे ब्रोच ब्रिटिश आहे असं यावरून सिद्ध होत नाही, पण तुम्ही दिलेल्या काळाला आधार मिळतो. म्हणून "१५ कॅरेट" हे शीर्षकाच्या ओळीत घ्या, जाणकार आधी तेच शोधतो.

रुंदी आणि एकूण वजन राहिलं आहे. वजन देताना "पिनेसह" लिहा, कारण पिनेचा कस वेगळा आहे. आणि खाण-पैलूच्या बारा हिऱ्यांपैकी कुणाच्या कडेला टवका आहे का ते एकदा बघून घ्या, त्याबद्दल नोंदीत काहीच नाही.