मदत हवी आहे: ड्रॅगन एजच्या टेबलटॉप खेळात लढाई रेंगाळते

मंडळी, ग्रीन रोनिन कंपनीचा ड्रॅगन एज आरपीजी (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) कुणी चालवलाय का? आमच्या ग्रुपमध्ये गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. बायोवेअरच्या व्हिडिओ गेममधलं फेरेल्डन हे काल्पनिक राज्य यात मस्त उतरलंय.

अडचण स्टंटची, म्हणजे लढाईतल्या खास चालींची आहे. तीन फासे टाकायचे, त्यातला वेगळ्या रंगाचा एक म्हणजे ड्रॅगन डाय. वार लागला आणि कुठल्याही दोन फाशांवर सारखे आकडे आले, की ड्रॅगन डायवरच्या आकड्याइतके स्टंट पॉइंट मिळतात. मग ते खर्चून शत्रूला आडवं पाडा, चिलखत भेदा, नाहीतर लगेच आणखी एक वार करा. कल्पना मला मनापासून आवडते! पण तीन फाशांत जोडी जुळायची शक्यता सुमारे ४४ टक्के, त्यामुळे सारखी स्टंटची यादी उघडावी लागते. व्हिडिओ गेम पॉज करून विचार करता येतो, इथे बाकीचे ताटकळतात. जादूगाराचे स्टंट तर आणखी वेगळे.

प्रत्येकाला त्याच्या पात्राला शोभतील असे चार-पाच स्टंट कार्डावर लिहून द्यावेत का? की वेळ बांधून द्यावी? नवख्यांवर त्याचं दडपण येईल अशी भीती वाटते.

आणखी एक, आमच्यातल्या एकाला पाचव्या ब्लाइटची (या जगावरच्या राक्षसी आक्रमणाची) कथा तोंडपाठ आहे, बाकीच्यांना त्याच्याशी लढणारे ग्रे वॉर्डन कोण तेही माहीत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता?