रेखाटनामागचा पांढरा चौकोन: वेक्टर चित्राची पारदर्शकता शेवटपर्यंत ठेवावी की फ्लॅटन करून पाठवावी?

मुखपृष्ठकार

दिवाळी अंकांची जुळणी सुरू झाली की चित्रकार, मांडणीकार आणि छापखाना यांच्यात दरवर्षी एकाच गोष्टीवरून ओढाताण होते. इलस्ट्रेटर या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली वेल कवितेमागच्या फिक्या पिवळ्या टिंटवर (सपाट फिक्या रंगावर) ठेवायची असते, आणि इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर तिच्यामागे पांढरा चौकोन दिसतो. माझे मत स्पष्ट आहे. वेक्टर चित्र, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेले चित्र, पारदर्शक पार्श्वभूमीसह जसेच्या तसे पानावर आणावे, मध्ये कोठेही फ्लॅटन करू नये (पारदर्शक थर मोडून अपारदर्शक तुकडे करू नयेत) आणि छापखान्याला पीडीएफ/एक्स-४, म्हणजे पारदर्शकता टिकवणारी छपाईची पीडीएफ, द्यावी.

चौकोन कोठून येतो हे आधी पाहावे. इलस्ट्रेटरचा आर्टबोर्ड, म्हणजे चित्र काढायचे पान, पांढरा दिसतो, पण तेथे रंग नसतो. तरीही अनेक जण सवयीने आर्टबोर्डाएवढा पांढरा आयत काढून सर्वांत खाली ठेवतात. कंट्रोल-वाय दाबून आउटलाइन दृश्यात गेले की त्याच्या कडा लगेच दिसतात, आणि तो काढून टाकला की निम्मे भांडण मिटते. दुसरे कारण इनडिझाइनच्या बाजूचे आहे. ‘प्लेस’ करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण केली, तर पुढच्या चौकटीत ‘ट्रान्सपरंट बॅकग्राउंड’ हा पर्याय येतो. त्यावर खूण नसेल तर पीडीएफ किंवा एआय (इलस्ट्रेटरची) फाइल पांढऱ्या कागदासकट पानावर उतरते. पुढेमागे मागे पांढरे हवेच असेल तर फ्रेमला रंग भरता येतो, त्यामुळे खूण ठेवण्यात तोटा काहीच नाही.

हे न करता जे उपाय होतात, त्यांतला सर्वांत प्रचलित म्हणजे चित्रातच मागे ‘तसलाच’ पिवळा भरून घेणे. पानावरची टिंट ८ टक्के मॅजेंटा आणि ३० टक्के यलो अशी असते, चित्राची फाइल मात्र आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, असते. तिचे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, रूपांतर होताना त्या पिवळ्यात थोडा सायन (निळसर शाई) शिरतो, आणि छापलेल्या पानावर वेलीभोवती मळकट चौकोन उमटतो. पडद्यावर तो जाणवत नाही, प्रूफवर (छपाईपूर्वीच्या नमुन्यावर) शंका येते आणि फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा संच) छापून झाला की कोणालाही दिसतो. टिंटऐवजी ग्रेडियंट असेल तर हा उपाय मुळातच चालत नाही.

पीडीएफच्या १.४ आवृत्तीत पारदर्शकता २००१ साली आली, इनडिझाइनला ती २.० आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून समजते, आणि ती न मोडता छपाईस देण्याचे मानक असलेली पीडीएफ/एक्स-४ ही २००८ पासून उपलब्ध आहे. तरीही ‘ईपीएस करून पाठवा’ (ईपीएस म्हणजे पारदर्शकता न ठेवणारी जुनी चित्र-फाइल) असे आजही सांगितले जाते, हे मला पटत नाही.

प्लेटमेकर

‘ईपीएस करून पाठवा’ असे सांगणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. चित्रामागे काहीच नसणे ही एक गोष्ट, आणि एका रंगातून खालचा रंग अर्धवट दिसणे ही दुसरी. पहिलीसाठी पीडीएफ १.४ ची गरजच नाही. पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे ईपीएस ज्या छपाई-भाषेत लिहिलेली असते तिच्यात, प्रत्येक आकार अपारदर्शक असतो हे खरे, पण जेथे आकारच काढलेला नाही तेथे पोस्टस्क्रिप्ट काहीही रंगवत नाही. आपली वेल ईपीएसमधूनही पिवळ्या टिंटवर स्वच्छ बसते.

पडद्यावर दिसतो तो चौकोन बहुतेक वेळा प्रिव्ह्यूचा असतो. ईपीएसमध्ये चित्राबरोबर एक टिफ प्रिव्ह्यू (पडद्यावर दाखवायचे ठिपक्यांचे चित्र) साठवलेला असतो. जतन करताना तो ‘ओपेक’ ठेवला तर मागे पांढरे दिसते, ‘ट्रान्सपरंट’ ठेवला तर दिसत नाही, आणि प्लेटवर दोन्हींचा परिणाम एकच असतो. पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरच्या काळात पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या लेझर प्रिंटरवर बटर पेपर (प्लेटसाठीचा अर्धपारदर्शक कागद) काढणाऱ्यांना हा चौकोन खरोखरच छापून मिळे, कारण तो प्रिंटर चित्राऐवजी प्रिव्ह्यूच छापतो. ईपीएस बदनाम झाले ते तेव्हापासून, आणि माझ्या मते विनाकारण.

आता छापखान्याची अडचण सांगतो. पारदर्शकता थेट वाचणारे पीडीएफ प्रिंट इंजिन अ‍ॅडोबीने २००६ मध्ये आणले. ज्याच्याकडे त्याआधीच्या पद्धतीचा पोस्टस्क्रिप्ट रिप (फाइलचे प्लेटसाठी ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) आहे, त्याच्याकडे आपली एक्स-४ फाइल रिपच्या आधी कोठेतरी फ्लॅटन होतेच, आणि ती कशी होईल यावर आपला ताबा राहत नाही. पीडीएफ/एक्स-१ए या जुन्या मानकात पारदर्शकतेला मनाईच असल्यामुळे जे काही मोडायचे ते मांडणीकाराच्या डोळ्यांसमोर मोडते. दिवाळीच्या तोंडावर रात्रपाळीत फाइल उघडून कारणे शोधत बसायला कोणालाही सवड नसते.

रेषावेडी

चित्रकाराची बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहिते. रिकाम्या पार्श्वभूमीपुरते प्लेटमेकर यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण आजची रेखाटने तेवढ्यावर थांबत नाहीत. पणतीच्या ज्योतीभोवतीचा उजेड मी एकावर एक ठेवलेल्या, कमी अपारदर्शकतेच्या आकारांतून काढते. ईपीएस केले की तो उजेड लहान लहान तुकड्यांत कापला जातो आणि काही भाग बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, होतो. शिवाय माझ्या फाइलमध्ये खालचा पिवळा रंग नसतोच, तो मांडणीकाराच्या पानावर असतो. मग माझ्याकडे फ्लॅटन होताना उजेड कशात मिसळणार? तो पांढऱ्यावर मिसळतो आणि पणतीभोवती फिकट वलय राहते. जे मिश्रण पानावर व्हायचे आहे ते माझ्या संगणकावर आधीच करून मागणे चुकीचे आहे.

आणखी एक तोडगा सर्रास वापरला जातो, तो म्हणजे चित्राला ‘मल्टिप्लाय’ (वरचा रंग खालच्या रंगात मिसळणारी सोय) लावून पांढरे घालवणे. पांढरे जाते हे खरे, पण सगळेच पांढरे जाते. वारकऱ्यांच्या चित्रात धोतरे आणि टोप्या पांढऱ्या भरलेल्या असतील, तर पिवळ्या टिंटवर त्या पिवळ्या होतात, आणि कपाळावरच्या बुक्क्यापासून पताकेपर्यंत प्रत्येक रंगात खालचा पिवळा मिसळतो. चित्रकाराने पांढरा जाणीवपूर्वक भरलेला असतो. मागचा चौकोन आणि धोतराचा पांढरा यांतला फरक मल्टिप्लायला कळत नाही. वर, जेथे पारदर्शकतेची गरज नव्हती तेथे ती नव्याने आणली जाते, म्हणजे प्लेटमेकर यांची अडचण वाढतेच.

मुखपृष्ठकार

उजेडाचा मुद्दा रेषावेडी यांनी माझ्यापेक्षा नेमका मांडला आहे. फ्लॅटन करण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे आणि तो देवनागरी मजकुराचा आहे. पारदर्शक चित्राखाली आलेला मजकूर फ्लॅटन होताना फॉन्ट राहत नाही, त्याच्या आउटलाइन होतात. एकाच परिच्छेदाचा काही भाग चित्राखाली गेला, तर लेझर प्रूफवर तेवढ्या ओळींची शिरोरेषा जाड दिसते. रोमन अक्षरे सुटी असल्याने हा फरक तेथे खपून जातो, आपल्याकडे मात्र शिरोरेषा ओळभर सलग चालते आणि तिची जाडी मध्येच बदललेली डोळ्यांना टोचते.

प्लेटमेकर

शिरोरेषेचा दोष ६०० डीपीआयच्या लेझरवर दिसतो. २४०० डीपीआयच्या प्लेटवर तो जाणवत नाही. आणि मजकूर लेयरच्या क्रमात चित्राच्या वर ठेवला तर हा प्रश्न उद्भवतच नाही, ते काम मांडणीकाराचे आहे. फ्लॅटन केलेल्या पीडीएफमध्ये तुकड्यांच्या सांध्यांवर बारीक पांढऱ्या रेषा दिसतात, त्यांचेही तसेच आहे. संपादक फोनवर पीडीएफ उघडतात आणि रेषा पाहून अंक थांबवायला सांगतात. त्या बहुधा पडद्याच्या अँटीअलायझिंगमुळे दिसतात, मोठे करून पाहिले तरी त्यांची जाडी वाढत नाही, आणि छपाईत त्या येत नाहीत.

मुक्तस्रोत

चर्चा एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती फिरते आहे, पण लहान संस्थांची स्मरणिका आणि अंक स्क्रायबस या मोफत मांडणी-सॉफ्टवेअरमध्येही होतात. तेथे ईपीएसचा सल्ला थेट नुकसान करतो. इमेज फ्रेममध्ये ठेवलेली ईपीएस किंवा पीडीएफ फाइल स्क्रायबस घोस्टस्क्रिप्ट या पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडून वाचून घेतो आणि पीडीएफ काढताना, वेगळी सूचना दिली नसेल तर, तिचे बिटमॅप करतो. वेक्टर काढण्याचा उद्देशच संपतो. त्यापेक्षा एसव्हीजी (वेबवरची वेक्टर चित्रांची) फाइल ‘इम्पोर्ट’मधून वेक्टर म्हणून आणावी, म्हणजे प्रत्येक आकार पानावर सुटा येतो, पांढरा आयत असेल तर तो निवडून खोडता येतो आणि रंगही तेथेच सीएमवायकेत बदलता येतात. एसव्हीजीतली गुंतागुंतीची फिल्टरे नीट येत नाहीत, पण साध्या रेखाटनासाठी यापेक्षा सरळ वाट मला माहीत नाही. इनडिझाइननेही २०२० च्या आवृत्तीपासून एसव्हीजी घ्यायला सुरुवात केली आहे.

प्लेटमेकर

एसव्हीजीला विरोध नाही, पण तिच्यातले रंग व्यवहारात आरजीबीच असतात, आणि काळ्या रेषा चार रंगांत फुटून आल्या की रजिस्टर (चार रंगांची एकमेकांवर अचूक बसणी) जरासे सरकले तरी बारीक रेषेला रंगीत कडा येते. ज्याने एसव्हीजी आणली त्याने काळा फक्त काळ्या प्लेटवर आहे याची खात्री करूनच फाइल द्यावी.

एक्स-४ घ्यायला मी तयार आहे, पण माझ्या दोन अटी आहेत. पानाची ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस (पारदर्शक रंग ज्या रंगपद्धतीत मिसळतात ती) सीएमवायके असावी, कारण ती आरजीबी राहिली की ज्या जोडपानावर पारदर्शक चित्र आहे त्या सगळ्या जोडपानाचे रंग बदललेले दिसतात आणि दोष आमच्या शाईला दिला जातो. दुसरी अट अशी की पांढऱ्या भरलेल्या आकारांना ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापण्याची सूचना) लावलेले नसावे, नाहीतर रेषावेडी यांची धोतरे छपाईत नाहीशी होतील.

मुखपृष्ठकार

दोन्ही अटी मला मान्य आहेत. ओव्हरप्रिंटची तपासणी अ‍ॅक्रोबॅट या पीडीएफ-सॉफ्टवेअरच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये मांडणीकाराने करावी हेही मान्य. पण मग तशी तपासलेली फाइल आल्यावर छापखान्याने ती परस्पर एक्स-१ए करू नये, आणि जुन्या रिपमुळे करावीच लागली, तर प्लेट काढण्यापूर्वी त्या फाइलचे प्रूफ आम्हाला पाठवावे. रेषावेडी यांच्या पणतीचा उजेड पिवळ्यात नीट मिसळला आहे की नाही, हे त्या प्रूफवर त्यांनीच पाहावे.