कासनंतरचा बहर
कासच्या पठारावरचा बहर ओसरला की पुढच्या पावसापर्यंत सह्याद्रीत रानफुलांसाठी जाण्यात अर्थ नाही, असे या चर्चेत एका सदस्याने म्हटले आहे. ते मला पटत नाही. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण लाल, नळीसारख्या फुलांनी फांदीभर लगडलेल्या धायटीकडे, तिच्याभोवती शिंजीर पक्षी घुटमळत असूनही, सहसा कोणी वळून पाहत नाही. त्याहून नवलाचा भुईचाफा: उन्हाने तापलेल्या जमिनीतून, पानांचा मागमूसही नसताना, त्याचे पांढरे-जांभळे सुगंधी फूल थेट मातीलगत उमलते आणि पाने मागाहून येतात. तो शोधताना (मोह आवरणे कठीणच!) पायवाट सोडू नये, कारण न उमललेली कळी पायाखाली गेलेली कळतही नाही.