सांगोला तालुक्यातल्या खेड्यांचं मिडियन उत्पन्न वर्षानुवर्षं कसं काढायचं?

माणकाठ_सांगोला
नमस्कार मंडळी, एमएच्या प्रकल्पासाठी सांगोला तालुक्यातल्या ग्रामीण कुटुंबांचं मिडियन उत्पन्न (म्हणजे घरं उत्पन्नाप्रमाणं ओळीनं लावली तर बरोबर मधल्या घराचं) २००५ च्या आसपासपासून आत्तापर्यंत कसं बदलत गेलं ते काढायचंय. डाळिंबानं पैसा आला, मग तेल्या रोगानं बागा गेल्या, पोरं पुण्याला गेली, हे सगळं आकड्यात दिसलं पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न मिळतं पण त्यात सोलापूर शहर, टॉवेल-चादरीचे कारखाने, साखर कारखाने सगळं आलं, आणि वर ती सरासरी. मित्र म्हणतोय तहसीलमधले उत्पन्नाचे दाखले घे आणि त्यावरनं काढ. चालेल का?

बार्शीचा_आकडेमोड्या
दाखले अजिबात घेऊ नकोस. दाखला काढतात तो स्कॉलरशिपसाठी नायतर योजनेसाठी, मग आकडा मर्यादेच्या खालीच बसवलेला असतो आणि ज्याला गरज नाही तो काढतच नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेचाही मोह होईल कारण ती घराघरात गेली होती, पण तिथं फक्त घरातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्याचं महिन्याचं उत्पन्न विचारलं, तेही तीन गटात, ५ हजाराच्या आत, ५ ते १० आणि १० च्या वर. देशातली जवळपास ७५ टक्के ग्रामीण कुटुंबं पहिल्याच गटात गेली, म्हणजे मिडियन ५ हजाराच्या खाली कुठंतरी, यापुढं काय कळत नाही.

नाबार्डचा सर्व्हे बघ. ग्रामीण कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न २०१६-१७ च्या फेरीत ८,०५९ रुपये आणि २०२१-२२ च्या फेरीत १२,६९८, पण हे देशाचं आहे, सरासरी आहे आणि मधल्या महागाईसकट आहे. शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक लावून एका वर्षाच्या रुपयात आणल्याशिवाय वाढ म्हणू नकोस.

तालुक्यासाठी रस्ता एकच दिसतो. आयएचडीएस म्हणजे इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हे, त्यांनी २००४-०५ आणि २०११-१२ ला बहुतेक त्याच घरांत जाऊन खरं उत्पन्न विचारलंय, त्यातली ग्रामीण महाराष्ट्राची घरं घे आणि उत्पन्नाचा दुचाकी, बँक खातं, पक्कं घर यांच्याशी काय संबंध आहे ते काढ. मग २०११ च्या जनगणनेत याच गोष्टी गावपातळीपर्यंत मिळतात, त्यावर तो संबंध लाव. अमेरिकेत काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिडियन अशाच मॉडेलनं काढतात, पण त्यांच्याकडं इन्कम टॅक्सची रिटर्नं असतात. आपल्याकडं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं ती वाट बंद. आणि उत्तर एका आकड्यात देऊ नको, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असं दे.

चूल_आणि_शिवार
गावोगाव सर्व्हे करत आलेय म्हणून सांगते, मॉडेलच्या आधी कुटुंब म्हणजे काय ते ठरव. सर्व्हेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. रेशनकार्डं तीन असतात, चूल एक असते, कधी उलटं. दोघं भाऊ वेगळे निघाले की एका घराची दोन घरं होतात, कुणीच गरीब झालेलं नसतं तरी प्रत्येक घराचं उत्पन्न निम्म्यावर येतं आणि मिडियन खाली सरकतो. गेल्या वीस वर्षात घरं लहान होत गेलीत त्यामुळं माणशी उत्पन्नही शेजारी मांडच.

दुसरं ऊसतोडीचं. दिवाळीच्या आसपास जोडपं मुकादमाकडनं उचल घेऊन कारखान्याला जातं, ती उचल त्या दिवशी कर्ज असते आणि तोड होईल तशी मजुरी होते. उचल आणि मजुरी दोन्ही लिहिलीस तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. आणि जानेवारीत गावात गेलीस तर ही घरं कुलूपबंद, म्हणजे तळातली माणसंच यादीतनं गळाली आणि मिडियन आपोआप वर गेला.

माणकाठ_सांगोला
ताई हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, खूप आभार. डाळिंबात तोट्याचं वर्ष असेल तर वजा उत्पन्न तसंच ठेवायचं का?

चूल_आणि_शिवार
तसंच ठेवायचं. काढून टाकलंस तर दुष्काळाची वर्षंच पुसली जातील, आणि मिडियनला वजा आकड्यानं काही बिघडत नाही. फक्त विक्रीची पट्टी बघून उत्पन्न लिहू नकोस, औषधं, छाटणी, टँकर सगळं वजा कर.

बार्शीचा_आकडेमोड्या
अजून एक राहिलं, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९७५ पासनं आपल्याच जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं धरून घराघराच्या नोंदी ठेवल्यात, मध्ये खंड आहे पण एवढ्या जुन्या नोंदी सहसा मिळत नाहीत. सांगोल्याचा आकडा त्यातनं येणार नाही, पण तुझ्या आकड्यांची रेघ दुष्काळी वर्षांत त्या गावांसारखी खाली जाते का ते ताडून बघता येईल. प्रश्नावली तयार झाली की इथं टाक, खर्चाचा भाग मी बघून देतो.